जमीरभाईंचा फुल फ्रेम

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.१०
नवीन वही. आजपासून रोज लिहिणार. विषय एकच, कॅमेरा. बाकी फालतू काही लिहायचं नाही.

काल जिल्ह्याच्या फोटोग्राफर ग्रुपवर वणीच्या जमीरभाईंनी टाकलं : फुल फ्रेम कॅमेऱ्याची बॉडी, तीन लेन्स (३५, ८५ आणि ७०-२००), दोन बॅटऱ्या, बॅग. सगळं मिळून एक लाख दहा. खाली एक ओळ, 'योग्य हाती जावं.' त्या ओळीकडे मी बराच वेळ पाहत होतो. आमच्या बोरी अरब गावात योग्य हात कोणाचे, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही.

जमीरभाई म्हणजे वीस-बावीस वर्षं वणी-मारेगावकडची लग्नं शूट केलेला माणूस. आता पाठ गेली. बारा-बारा तास उभं राहवत नाही म्हणून धाकट्या भावाच्या, गफ्फारच्या, ट्रक स्पेअर पार्टच्या दुकानात बसतात.

माझी बाजू. स्टुडिओला बारा वर्षं झाली. पुढच्या खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म. ते अर्पिता (बायको) पाहते. मागच्या खोलीत कला. कलेचा कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा आहे आणि त्याची रबरी पकड दोनदा फेविक्विकने चिकटवली आहे. गेल्या सीझनला अकरा लग्नं होती, यंदा चार. कारण उघड आहे. सेन्सर.

निर्णय : याच आठवड्यात वणीला जाऊन सौदा पक्का करणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
जमीरभाईंना फोन केला. चौदा प्रश्न लिहून ठेवले होते. शटर किती वेळा पडलं, लेन्समध्ये फंगस आहे का, कधी हातातून पडला का, पावसात नेला होता का, नेला तर किती पावसात. सगळ्याची उत्तरं दिली त्यांनी. शेवटी म्हणाले, "भाऊ, एकदा हातात घेऊन पाहा ना." मी म्हटलं, रविवारी येतो.
माझी छाप पडली असावी. शेवटी शेवटी ते एकदम शांत झाले होते.

९ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. आळस नव्हे, अभ्यास. एक जण ४१ मिनिटांच्या व्हिडिओत सांगतो की आजच्या काळात जुना फुल फ्रेम घेणं मूर्खपणा आहे, मिररलेस घ्या. दुसरा म्हणतो, मिररलेस घेणं मूर्खपणा आहे, जुना फुल फ्रेम घ्या. दोघांनाही दाढी आहे. दोघांचंही पटतं.

अर्पिताने विचारलं, हे फुल फ्रेम म्हणजे असतं तरी काय? जेवायला बसलो होतो, म्हणून ताटातल्या दोन भाकरी घेतल्या. एक पूर्ण, एक काठ मोडून लहान केलेली. म्हटलं, ही मोठी फुल फ्रेम, ही लहान म्हणजे आपला. ती म्हणाली, "पीठ तं एकच हाय ना?"
टेक्निकल माणसाने घरी चर्चा करू नये.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपार
काल धरमसिंग राठोडांच्या तांड्यावर त्यांच्या मुलीचं, सलोनीचं लग्न. संध्याकाळचा मुहूर्त, मंडपात लाल-निळे लाईट. उजेड कमी म्हणून आयएसओ ६४०० पर्यंत चढवला. फोटोत नवरीच्या तोंडावर तीळ सांडल्यासारखा नॉईज. हार घालतानाचा क्षण हुकला, कारण नेमकं तेव्हाच बॅटरी बदलत होतो. दोन्ही दोष कॅमेऱ्याचे.

नवरीची आजी भुरीबाई. ऐंशीच्या वर असेल. पूर्ण जुन्या वेशात होती. आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कोपरापर्यंत चुडे. तांड्यावर आता असा वेश घालणारी ती एकटीच उरली म्हणतात. माझा हात धरून म्हणाली, "माह्या एकटीचा एक फोटो काढ बापा. नातीच्या फोटोत मी कोपऱ्यात येतो."

मी तिला सरळ सांगितलं, आजी, या कॅमेऱ्यात तुमचा अपमान होईल. फुल फ्रेम येऊन राह्यला. त्यावर ८५ ची लेन्स लावतो आणि खास पोर्ट्रेट काढतो. तिला ८५ चा अर्थही समजावला. तिने मान डोलावली. ज्याला समजायचं त्याला समजतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
भुरीबाई स्टुडिओत आली. ऑटोने. पूर्ण वेशात. आला का म्हणे तो कॅमेरा? म्हटलं, बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. अर्पिताने चहा दिला. ती गेल्यावर अर्पिता माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. झेरॉक्सला गर्दी असावी.

६ मार्च, गुरुवार
परवा साडेसहाला जमीरभाईंना फोन केला. रोजा सोडायला बसले होते. काल पुन्हा केला, पुन्हा तीच वेळ. आजही. संध्याकाळचा उजेड पाहिला की मला फोटोग्राफीच सुचते, त्याला इलाज नाही. आज त्यांनी तोंडात खजूर असतानाच सांगितलं, "भाऊ, एक लाख द्या अन् घेऊन जा. मले घासाघीस नाही कराची."

मी काहीच न बोलता दहा हजार कमी झाले! गप्प राहणं ही सगळ्यात मोठी बार्गेनिंग आहे. यापुढे आणखी गप्प राहायचं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
एप्रिलमधलं एक लग्न गेलं. मुलाकडच्यांनी यवतमाळची टीम ठरवली, ड्रोनवाली. मुलीचे काका सज्जन, त्यांनी फोन करून कारण सांगितलं. म्हणाले, "तुमचे फोटो खराब नसतात हो, पण सगळ्या लग्नातले सारखेच दिसतात. आमच्या अल्बममध्ये नवरा बदलला तरी समजाचं नाही."
यालाच स्टाईल म्हणतात. फुल फ्रेमवर ती अजून उठून दिसेल.

१५ मार्च, शनिवार
ठरलं. सोमवारी वणी.

१७ मार्च, सोमवार
वणीला गेलो नाही. ८५ च्या लेन्सऐवजी ५० ची जास्त उपयोगी पडेल का, हा मूलभूत प्रश्न राहून गेला होता. तो सुटल्याशिवाय बसमध्ये बसणं चूक आहे.

२३ मार्च, रविवार
वाईट दिवस. सविस्तर लिहितो.

भुरीबाई पुन्हा आली. तोच वेश. ऊन चढलेलं. मी पन्नास आणि पंच्याऐंशीचा प्रश्न समजावून सांगायला लागलो, तर अर्पिता काउंटर सोडून उठली. म्हणाली, "आजीले अजून किती चकरा मारवता हो तुमी? लाज वाटू द्या." मग तिनेच भुरीबाईला बाहेर नेलं, शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत बसवलं. स्वतः खाली बसली. अर्धा तास नुसत्या गप्पा. किती लेकरं झाली, चुडे कोणी भरले, सासू कशी होती. मध्येच मोबाईल काढला आणि बोलता बोलता चार-पाच फोटो घेतले.

मी आतून पाहत होतो. पाठीमागे पंक्चरवाल्याची सायकल. डोक्यावर जागा नाही. हात अर्धा कापलेला. हे मी मोकळेपणाने सांगितलं.

अर्पिताने आमच्याच प्रिंटरवर मोठा प्रिंट काढला. भुरीबाईने तो दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग म्हणाली, "मी अशी हासतो काय व?"
तिने प्रिंट ओढणीखाली घेतला आणि गेली. 
मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो. ही नोंद राहू दे.

३१ मार्च, सोमवार. ईद
जमीरभाईंना मुबारकबाद दिली. त्यांनी विचारलं, कॅमेऱ्याचं काय ठरलं? मी विचारलं, ७०-२०० काढून २४-७० मिळेल का? त्यांनी आधी लेकरांना बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाले, "कपिलभाऊ, माह्यापाशी जे हाय तेच हाय."

७ एप्रिल, सोमवार
तांड्यावरून सात बाया आल्या. रामीबाई, रुपीबाई, बाकीच्यांची नावं विचारली नाहीत. भुरीबाईचा फोटो त्यांच्या घराघरात फिरला म्हणे. सगळ्यांना तसाच पाहिजे. मी कॅमेरा, दोन लाईट, पाठीमागचा निळा पडदा, सगळं तयार केलं. रामीबाई म्हणाली, "तुमी नाही भाऊ. ताई काढन."
मी स्टूल बाहेर नेऊन दिला. उन्हात पायऱ्या तापल्या होत्या.

१८ एप्रिल, शुक्रवार
दारव्ह्याहून नयन नावाच्या मुलाचे वडील आले. अक्षय्य तृतीयेचं लग्न. आनंद झाला. त्यांनी विचारलं, वहिनी येतील का? म्हटलं, ती झेरॉक्स पाहते. ते अवघडले. म्हणाले, "नाही, म्हणजे फोटो वहिनींनी काढावे असं पोरांचं म्हणणं हाय. तांड्यावरचे पाह्यले त्यांनी." अर्पिता म्हणाली, मी एकटी येणार नाही, हे असतील तर येते.

म्हणजे मुख्य जबाबदारी माझ्याकडेच राहिली. मी लाईट डायरेक्टर असेन. प्रत्यक्षात स्टॅन्ड धरावा लागेल, पण डायरेक्टर बऱ्याचदा धरतात.

२० एप्रिल, रविवार. पहाटे
रात्रभर विचार केला. दारव्ह्याच्या लग्नाला मी फुल फ्रेम घेऊन उभा राहणार. एकदा लोकांनी शेजारी शेजारी पाहिले की विषय संपला. आज पहिली बस.

त्याच दिवशी. रात्री ९
वणीला गेलतो. यवतमाळला बस बदलून पोचायला जवळजवळ दुपार झाली. मारेगावच्या पुढे समोरून कोळशाचे ट्रक लागले ते वणीपर्यंत. रुमाल काळा.

गफ्फारचं दुकान हायवेवर. जमीरभाई आत खुर्चीवर, पाठीला उशी. बॅग काढून आणली. बॉडी तीन पॉलिथिनमध्ये, प्रत्येक लेन्स वेगळ्या डब्यात, डब्यात ओल शोषायच्या पुड्या. एवढ्या कोळशाच्या गावात एक कण नाही. हातात घेतला. जड. चांगला जड. शटरचा आवाज... तो लिहिता येत नाही.

मग तपासणी केली. टॉर्च मारून तिन्ही लेन्स. मागून, पुढून, तिरपं करून. लेन्स बसते ते माउंट हलतं का. स्क्रीनवर मेलेला पिक्सेल आहे का. पांढऱ्या भिंतीचे फोटो, काळ्या टायरचे फोटो. दोन तास झाले. काही सापडेना. पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. काहीच सापडेना. माझ्या कपाळाला घाम आला. एखादा ओरखडा तरी असायला पाहिजे होता.

पैसे खिशात होते. अर्पितानेच काढून दिले होते. आणि मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

गफ्फारने हातातला पाना खाली ठेवला. हिंदीत काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. जमीरभाई मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "असं करा, घेऊनच जा. पैसे राहू द्या तुमच्यापाशी. दारव्ह्याचं लग्न करा याच्यावर, मंग सांगजा." मी म्हटलं, एवढा विश्वास? ते म्हणाले, "तीन महिन्यांपासून पॉलिथिनमधी हाय भाऊ. पडून राह्यली की मशीन मरते. कोणाच्या तरी हातात चालू द्या."

येताना बॅग मांडीवर. शेजारच्या बाईने खाली ठेवा म्हटलं, ठेवली नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया
आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. माझे १,१४६ फोटो. लोक वळून वळून कॅमेऱ्याकडे पाहत होते. एकाने विचारलं, चॅनलवाले काय? मी नाही म्हटलं नाही.
स्टॅन्ड नवरीच्या भावाने धरला. अर्पिताने मोबाईलवर नव्वदेक काढले. जास्त वेळ ती बायांमध्ये बसून बोलतच होती.

१ मे, गुरुवार
कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून पाहिले. पापणीचा केस न् केस. नॉईज शून्य. हे, हे पाहिजे होतं मला.

२ मे, शुक्रवार
पुन्हा सगळे पाहिले. शार्प आहेत.

३ मे, शनिवार
लेन्समध्ये फोकस पुढे-मागे पडत असेल असं वाटलं. भिंतीवर पट्टी लावून टेस्ट केली. तिन्ही लेन्स. फोकस बरोबर.

४ मे, रविवार
रंगांचा दोष असावा म्हणून मॉनिटर बदलून पाहिला. रंग बरोबर आहेत. नवरी नवरीसारखी. नवरा नवऱ्यासारखा. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. कोणालाच कोणाशी काही घेणंदेणं नाही असं वाटतं. सेटिंगमध्ये शोधलं.

६ मे, मंगळवार
नयन आणि त्याची बायको अल्बमसाठी फोटो निवडायला आले. अर्पिताने आमचे दोघांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले होते, कोणता कोणाचा हे सांगितलं नव्हतं. तिने हे माझ्यासाठी केलं असावं, असं आता वाटतं.

मी मागे उभा होतो. साठ निवडायचे होते. दोघं हसत होती. हा घे, हा घे, अगं आईकडे पाह्य, मामा पाह्य कसा रडून राह्यला. मला तो मामा रडताना दिसलाच नव्हता. मी त्याच्यापासून चार फुटांवर होतो. माझाही त्याच मिनिटाचा फोटो आहे, त्यात स्टेजची झालर आहे.

साठपैकी माझे दोन. एक मंडपाच्या गेटचा, नावं लिहिलेला. दुसरा स्टेजवरच्या सोफ्याचा, नवरा-नवरी यायच्या आधीचा.
दोन्ही एकदम शार्प.

 जेवताना अर्पिताने मी न मागताच वांग्याची भाजी वाढली. फोटोंवर काही बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो.

८ मे, गुरुवार
आज दिवसभर काही लिहिण्यासारखं नाही. जुना कॅमेरा काढून पाहिला आणि ठेवून दिला. त्याच्याकडे पाहून पूर्वी काहीतरी वाटायचं. पुढे होईल, असं काहीसं.

अर्पिताला म्हटलं, कॅमेरा परत करतो. ती म्हणाली, "तुमाले पाह्यजे असन तं घ्या ना. मी नाही कुठं म्हटलं?" खरंच, तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मी सगळीकडे सांगत होतो की घरचे ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात जमीरभाईंनाही सांगितलं होतं.
तूच वापर, असंही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, एवढा मोठा समोर धरला तर बाया बोलायच्या बंद होतील.

११ मे, रविवार. रात्री
वणी. ४५ डिग्री.

बसमध्ये कारणं तयार केली होती. पाच होती. तिथे पोचल्यावर एकच सांगितलं, की जरा जड पडतो, माझी मान दुखते. जमीरभाई म्हणाले, हो, जड तर आहे. गफ्फारने पाणी दिलं. 

बॉडी हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कार्ड आतच राहिलं. ते मला द्यायला काढणार, तेवढ्यात थांबले. पाहू का, म्हणाले. नाही कसं म्हणणार? त्यांचाच कॅमेरा. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली.

एक एक करून सगळे पाहिले त्यांनी. १,१४६. मधला एकही सोडला नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला क्लच प्लेट पाहिजे होती, ते हातानेच गफ्फारकडे दाखवून पुन्हा पाहायला लागले. चहा आला, थंड झाला, त्यावर साय धरली. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. कुठेतरी तो थांबेल, मोठं करून पाहायचं बटण दाबेल, असं मला वाटत होतं. कुठे तरी. बावीस वर्षं लग्नं शूट केलेला माणूस आहे, इतरांना जे दिसत नाही ते त्याला दिसेल. अंगठा एका चालीने चालत राहिला.

संपलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. लेन्सवर झाकण बसवलं, मऊ फडक्याने बॉडी पुसली, पहिलं पॉलिथिन घेतलं.

"लाईट बराबर हाय, कपिलभाऊ," म्हणाले.

आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो. ते दुसरं पॉलिथिन बांधत होते.

साडेचारची यवतमाळ गाडी रिकामीच होती. खिडकीची जागा मिळाली.